डायफिनाइलचं करायचं काय? कुरकुंभ एमआयडीसीतल्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागावलो, म्हणून दुसऱ्यांदा. तुमचं म्हणणं असं: माझ्या लेखातली प्रोसेस डिझाइनची (केमिकल प्लांटची रचना ठरवण्याची) ही पायऱ्यापायऱ्यांची पद्धत केमिकल इंजिनिअर डग्लस यांनी १९८५ला मांडली, आता कॉम्प्युटर सगळे पर्याय एकदम सोडवतो, आणि वरच्या पायरीवरची चूक खाली उतरल्याशिवाय कळत नाही. वर 'पुण्यात बसून लिहिलंय' हा टोला.

चुकीबद्दलचं म्हणणं मान्य. लेखातल्या आकृतीत मी पायऱ्यांमधले बाण फक्त खाली जाणारे काढले. माझ्याच उदाहरणात बघा. टोल्युइन आणि हायड्रोजनपासून बेंझीन होतं, सोबत मिथेन. थोड्या बेंझीनचं पुढे डायफिनाइल होतं, पण ही रिअ‍ॅक्शन उलटीही फिरते. मग डायफिनाइल बाहेर काढायचं की परत रिअ‍ॅक्टरमध्ये सोडायचं? हे ठरवायचं अगदी वर, आत काय येतं नि बाहेर काय जातं त्या पायरीवर. परत सोडलं तर टोल्युइन वाया जात नाही, पण तेवढा माल फिरत राहतो आणि रिअ‍ॅक्टर, भट्टी सगळंच मोठं लागतं. तो खर्च दिसतो खालच्या, रिसायकलच्या (काय परत फिरवायचं त्या) पायरीवर. म्हणजे पुन्हा वर चढणं आलंच.

हीट एक्स्चेंजर, म्हणजे एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारी यंत्रं, मी अगदी शेवटच्या पायरीवर ठेवली यावरही तुमचा आक्षेप आहे, आणि तिथेही तुम्ही बरोबर आहात. ड्युरान आणि ग्रॉसमन यांनी १९८६मध्येच प्रोसेस आणि उष्णतेची बचत एकत्र सोडवायची रीत दाखवली होती.

कॉम्प्युटरचं मात्र पटत नाही. तुम्ही दिलेल्या पर्यायांतूनच तो निवडणार. या उदाहरणात हायड्रोजनसोबत ५ टक्के मिथेन आतच येतो, शिवाय रिअ‍ॅक्शनमध्ये तयार होतो. पर्जची लाइन, म्हणजे फिरत्या गॅसमध्ये साचणारा मिथेन थोडा थोडा बाहेर सोडणारा पाइप, तुम्ही काढलीच नाही, तर कॉम्प्युटर ती आपणहून सुचवणार नाही. पेन्सिलीने चौकोन काढून आत-बाहेर लिहिलं की मिथेनला वाट नाही हे लगेच दिसतं.

आणि कुरकुंभला मी सात वर्षं रोज येत होतो, हडपसरहून कंपनीच्या बसने. तिथल्या एका प्लांटमध्ये मदर लिकर, म्हणजे पावडर गाळून घेतल्यावर उरलेलं द्रावण, पुन्हा वापरायचं ठरलं. सॉल्व्हंट वाचतोय म्हणून सगळे खूश. सहाव्या बॅचपासून पावडर पिवळी यायला लागली. तीन आठवडे आम्ही ड्रायर उघडून बघतोय, फिल्टरचं कापड बदलतोय. अशुद्धीला बाहेर पडायला जागाच ठेवली नव्हती! दर बॅचला थोडं मदर लिकर बाजूला काढायला लागलो, तेव्हा रंग सुधारला. सिम्युलेशन होतं, पण एकाच बॅचचं.

'बॅच की कंटिन्युअस' (माल एकेका खेपेत करायचा की अखंड) हे मी लेखात एका ओळीत उरकलं, हेही खरं. तुमच्याकडे रिअ‍ॅक्टर आधीच उभे असतात आणि प्रॉडक्ट नंतर येतं. तिथे पहिली पायरीच वेगळी हवी. त्यावर तुम्हीच लिहा ना, मी छापतो.

आकृती आज बदलतोय. वर जाणारा बाण तुमच्यामुळे आला असं खाली लिहिलं तर चालेल का, तेवढं कळवा.