नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हो!

दर लग्नात, दर दशक्रियेला कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, ‘‘नॉमिनीत माझं नाव आहे, म्हणजे पैसे माझे!’’ अहो, नाहीत! खातेदार गेल्यावर बँक त्यानं नेमलेल्या नॉमिनीच्या हातात पैसे देते ती स्वतःची जबाबदारीतून सुटका व्हावी म्हणून. ते पैसे मृत्युपत्राप्रमाणे, नाहीतर वारसा कायद्याप्रमाणे वारसांचेच. बँक ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयानं 2010 सालीच हे स्पष्ट केलंय. तरी भावाभावांत वर्षानुवर्षं अबोला.

दुसरा प्रकार जॉइंट खात्याचा. नवरा-बायकोचं खातं, त्यात मुलगा नॉमिनी. वडील गेले की चिरंजीव बँकेत हजर. अरे बाबा, आई आहे ना अजून! सगळे खातेदार गेल्याशिवाय नॉमिनीचा नंबरच लागत नाही. आणि खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (म्हणजे दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो) असेल तर बँक आईलाच पैसे देणार. पण तो पर्याय भरलाय की नाही, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.

1 नोव्हेंबर 2025 पासून तर ठेवींना चार नॉमिनी ठेवता येतात, प्रत्येकाची टक्केवारीसुद्धा लिहून. पण आमच्याकडे विषय काढला की, ‘‘शुभ बोल रे!’’ काय अशुभ आहे त्यात? फॉर्मवर सही केल्यानं कुणी मरत नाही. वर बँकेतले महाशयही तो रकाना रिकामा सोडून खातं उघडून देतात, पुन्हा विचारतसुद्धा नाहीत. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा. मग बसा अर्ज करत!