ओळखीचा वकील

आपल्या देशात वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे. बार कौन्सिलच्या नियमावलीतला ३६वा नियम तसं बजावतो. म्हणून तर 'गणपतीनिमित्त घटस्फोटावर खास सवलत' असा फलक आपल्याला लालबागच्या पुलाखाली कधी दिसत नाही. पण बंदी वकिलांना आहे, आपल्या नातेवाइकांना नाही. त्यामुळे मुंबईतल्या झाडून सगळ्या वकिलांची जाहिरात नातेवाईकच करतात. फुकट करतात, आणि न विचारता.

आम्हाला वकील हवाय ही बातमी बाहेर कशी गेली कोण जाणे. मी आणि माझी नणंद सुजाता, आमचा मसाल्याचा धंदा. मिरची गल्लीतून बेडगी नि संकेश्वरी उचलायची, सासूबाईंच्या प्रमाणाने गोडा मसाला डंकावर कांडून घ्यायचा, पाकिटं भरायची, दुकानांत पोचवायची. उपनगरातल्या एका वितरकाकडे आमचे पावणेदोन लाख अडकले. 'ताई, सण होऊन जाऊ दे' म्हणत त्याने दिवाळी घालवली, संक्रांत घालवली, शिमगाही घालवला. शेवटी चेक दिला. तो वटला नाही. खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याचा बँकेचा मेमो घरात सगळ्यांनी हातोहात फिरवून वाचला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले.

पहिला मान काकासासऱ्यांचा. "बाहेर कशाला शोधताय? आपला वकील आहे ना!" काकांची खोली पागडीची. ती रिकामी करून मिळावी म्हणून मालकाने धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात दावा लावला तेव्हा सुजाता बालवाडीत होती. आता तिची मुलगी कॉलेजात आहे. "मालकाला अजून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलेलं नाही!" काका छाती पुढे काढून म्हणाले. मग त्यांनी त्या वकिलांच्या करामती ऐकवल्या. कधी साक्षीदार आजारी, कधी मूळ कागद दुसऱ्याच कोर्टात, कधी वकीलसाहेब स्वतः हायकोर्टात अडकलेले. तारीख मागून घेण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मी भारावूनच गेले होते. घरी येताना सुजाता म्हणाली, "वहिनी, काकांना खोली सोडायची नाहीये, म्हणून त्यांना तारीख हवी. आपल्याला पैसे हवेत. आपल्याला काकांच्या मालकाचा वकील पाहिजे."

हे पटलं. पण मालकाच्या वकिलाला तर एवढ्या वर्षांत उंबराही ओलांडता आलेला नव्हता. तेव्हा तोही बाद.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुचवलेले फौजदारीतले निघाले. त्यांनी मेमोकडे पाहिलंसुद्धा नाही. "चारशे वीस लावू! दोन हवालदार दारात उभे राहिले की कपाटातून पैसे काढून देईल." चारशे वीस आता उरलंय कुठे? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम ३१८ झालं. सुजाताने ते बोलून दाखवलं. साहेब हसले. "बाई, ३१८ म्हटलं तर त्याला बसचा नंबर वाटेल. धमकी द्यायची ती चारशे वीसचीच." माणूस म्हणून मला ते फार आवडले. पण बोलता बोलता ते आमच्या भाडेकरूवर, दुधवाल्यावर आणि शेजारच्या इमारतीच्या बिल्डरवरही काय काय लावता येईल ते सांगू लागले. आम्हाला भाडेकरू नाही.

भाच्याने मात्र थेट नरिमन पॉइंटची फर्म शोधली. तिची वेबसाइट उघडण्याआधी एक चौकट येते. 'मी कोणाच्याही प्रेरणेविना, स्वेच्छेने इथे आलो आहे' अशा अर्थाच्या मजकुराखाली 'सहमत' दाबावं लागतं. भाचा पाठीशी उभा राहून "दाब, मावशी, दाब" म्हणत होता, आणि मी स्वेच्छेने दाबलं. तिथे समुद्र दिसतो. काचेच्या बाटलीतलं पाणी देतात. आणि बिल तासावर असतं. हे कळल्यापासून सुजाताने चहा नाकारला, कारण तो येईपर्यंत किती मिनिटं जातील याचा तिला अंदाज येईना. समोरच्या गोड पोराने विचारलं, "तुमची एंटिटी काय आहे?" सुजाता म्हणाली, "मसाला." नंतर त्यांनी ईमेलवर करारपत्र पाठवलं, त्यांना आम्ही नेमण्याचं. ते इतकं अवघड होतं की ते समजून घ्यायला आधी एक वकील लागला असता.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण नातेवाईक ती सांगत नाहीत. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की तीस दिवसांच्या आत नोटीस जावी लागते. ती मिळाल्यावर पैसे भरायला समोरच्याला पंधरा दिवस, आणि त्याने ते नाही भरले तर पुढे महिन्याभरात तक्रार. परक्राम्य संलेख अधिनियमाचं १३८ कलम. आमचे तीस दिवस इकडे वाळत चालले होते आणि घरात अजून कोणाचा वकील जास्त ओळखीचा यावर वाद चालू होता.

सुजाताने मग सूत्रं हातात घेतली. ई-कोर्टच्या साइटवर वकिलाचं नाव घालून त्याची प्रकरणं शोधता येतात. सुचवलेलं प्रत्येक नाव तिने त्यात घातलं. त्यातून काकांच्या खटल्याची पुढची तारीख तिला काकांच्या आधी कळली, आणि काका तिच्यावर आठवडाभर रुसले. एवढ्यावर न थांबता तिने मला किल्ला कोर्टात नेऊन बसवलं. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, आणि आपल्या मसाल्याच्या पिशवीसकट आत जाता येतं. फक्त पिशवी कशाची, हे पोलिसाला नीट सांगावं लागतं.

चेकची प्रकरणं चालू होती. ज्युनियर सीनियरना शोधत होते, सीनियर तारखा शोधत होते. एक मध्यमवयीन वकीलबाई मात्र खुणेच्या चिठ्ठ्या लावलेली फाइल घेऊन उठल्या, दोन वाक्यं बोलल्या, आदेश घेतला आणि निघाल्या. सुजाता त्यांच्या मागे जिन्यापर्यंत धावली. नियमात हे चोख बसतं. वकिलाने अशिलाच्या मागे लागायचं नाही, उलट चालतं.

त्यांचं ऑफिस बोरा बाजाराच्या बाजूला, लाकडी जिन्याच्या इमारतीत. माझी कैफियत पाठ होती. वितरकाचा खोटारडेपणा, दिवाळी, संक्रांत, सगळं. त्यांनी हात वर करून थांबवलं. "मेमो कधी मिळाला?" तारीख सांगितल्यावर कॅलेंडर पाहिलं. "वेळ आहे. चलानवर त्याच्या माणसाची सही आहे? लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली उद्यम नोंदणी कधीची? माल त्याआधीचा की नंतरचा? तुम्ही मसाला बनवता, की आणून विकता?"

"बनवतो. डंकावर."

"मग चांगलं आहे." लहान-मध्यम उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमई कायद्याने लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. नुसत्या व्यापाऱ्याला हे मिळत नाही. इतकी वर्षं डंकावर शिंकलो, त्याची कायद्याने दखल घेतली होती.

"त्याला तुरुंगात बघायचंय, की पैसे हवेत?"

"दोन्ही," सुजाता म्हणाली.

बाईंनी एका कागदावर फी लिहून दिली. नोटिशीची इतकी, तक्रारीची इतकी, दर तारखेची इतकी. सुजाताने वसुलीवर टक्केवारी ठरवून पाहिली. त्या म्हणाल्या, निकालावर फी ठरवायला आम्हाला परवानगी नाही. खरं सांगते, तारखेची फी बघून मला थोडं काकांच्या वकिलांचं तारखांवरचं प्रेम कळलं. पण बाईच म्हणाल्या, "मी तारखा कमी घेते. म्हणून त्या महाग आहेत."

नोटीस गेली, पोच आली आणि पंधरा दिवस भरायच्या आत अर्धे पैसे आले. उरलेल्यांसाठी 'ताई, गणपती होऊन जाऊ दे' असा निरोप आहे. त्याचं बाई बघताहेत.

अडचण वेगळीच झाली. कागद चाळताना बाईंनी सुजाताकडे पाहून विचारलं, "उद्यम यांच्या नावावर, बँकेचं खातं यांच्या नावावर. मग तुम्ही कोण?"

"नणंद."

"ते नातं झालं. धंद्यात कोण?"

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कायद्याच्या पुस्तकांकडे पाहिलं. बाईंचं पुढचं बोलणं आम्ही दोघींनी मान खाली घालून ऐकलं. रीतसर भागीदारीपत्र करा, आणि फर्मची नोंदणी करा, कारण १९३२च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. मसुदा मी करीन, पण सही करण्याआधी तुम्ही दोघींनी आपापल्या वकिलाकडून तो वाचून घ्या.

तेव्हापासून घरात मसुदा फिरतोय. नफ्याची वाटणी ठरली, सुट्ट्या ठरल्या, मिरची कोण आणणार तेही ठरलं. अकराव्या कलमावर गाडी अडली. 'भागीदारांपैकी एक बाहेर पडल्यास गोड्या मसाल्याच्या प्रमाणाचा हक्क कोणाकडे राहील?' सुजाता म्हणते, आईचं आहे, म्हणजे माझं. मी म्हणते, लग्न होऊन आल्यापासून ते मला शिकवलंय. आवाज चढले तेव्हा सासूबाई खोबरं भाजत होत्या. त्यांनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि बाहेर येऊन विचारलं, "ती तुमची वकीलबाई माझी पण केस घेईल का?"