टिनच्या माशाचा पास्ता ‘विष’ नाही, पण बंद टिन कुकरमध्ये ठेवू नका

‘टिनच्या माशाचा पास्ता : स्वस्तातलं विष’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या कुटुंबांच्या ग्रुपवर फिरतो आहे. नात्यातली एक मुलगी जर्मनीत शिकते. आईने काळजीपोटी तो तिला पाठवला आणि तिने कपाटातले सार्डिनचे, म्हणजे तारलीचे, टिन टाकून द्यायला काढले. तिथे सार्डिनचा साधा टिन एक-दीड युरोला मिळतो. हातात मोजके पैसे असलेल्या मुलांच्या ताटातलं हे चांगलं अन्न खोट्या भीतीपायी काढून घेणं संतापजनक आहे.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे. टिनमधला मासा रसायनांवर टिकतो. एक टिन खाणं म्हणजे थर्मामीटर फोडून पारा पिणं. चीजबरोबर मासा खाल्ला की कोड येतो. पास्ता म्हणजे निव्वळ मैदा. आणि एवढं सांगूनही कुणाला खायचाच असेल तर न उघडलेला टिन कुकरमध्ये ठेवून तीन शिट्ट्या करा, म्हणजे तो निर्जंतुक होतो.

हा शेवटचा सल्ला आधी घेऊ, कारण तो ऐकून कुणाचा तरी चेहरा भाजेल. कारखान्यात मासा टिनमध्ये भरून, झाकण सीलबंद करून, मग तो टिन वाफेच्या दाबाखाली साधारण ११६ ते १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू बीजाणूंच्या रूपात उकळत्या पाण्यातही जगतात, म्हणून एवढं तापमान लागतं. म्हणजे ज्या कामासाठी शिट्ट्या करायच्या ते काम आधीच झालेलं आहे. कारखान्यात टिन थंड करताना बाहेरून हवेचा दाब देण्याची सोय असते, त्यामुळे आतल्या दाबाने टिनची शिवण उसवत नाही. घरच्या कुकरमध्ये तशी सोय नाही. शिटी उचलली की बाहेरचा दाब झपाट्याने उतरतो, टिनच्या आतला मात्र तसाच राहतो. कडी ओढून उघडायच्या टिनला झाकणावर मुद्दाम एक कोरलेली रेघ असते, आणि सगळा ताण त्या कच्च्या जागेवर येतो. टिन तिथे फुटला नाही, तरी गरम असतानाच कडी ओढली की उकळतं तेल अंगावर उडतं. तव्यावर किंवा थेट गॅसवर बंद टिन ठेवणं तर त्याहून वाईट.

बरं, टिनमधला मासा खरोखर बिघडलेला असेल तर शिट्ट्यांनी तो सुधारतो का? नाही. तारली, बांगडा, कुपा (ट्यूना) या जातींचे मासे पकडल्यावर वेळेत बर्फात गेले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामीन नावाचं द्रव्य तयार होतं, आणि ते उष्णतेने नष्ट होत नाही. असा मासा खाल्ला की तोंडाला तिखट चुणचुण लागते, चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. म्हणून नियम सोपा ठेवा. फुगलेला, शिवणीवर चेपलेला, गळका किंवा उघडताच फवारा मारणारा टिन चव न घेता टाकून द्यायचा. भोक पाडून, उकळून वाचवायचा नाही.

आता पारा. थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ग्रॅम पारा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, माशांमधल्या पाऱ्याचा तक्ता प्रसिद्ध केलेला आहे. त्यात टिनच्या ‘लाइट’ ट्यूनाची सरासरी दर ग्रॅमला ०.१२६ मायक्रोग्रॅम आहे. टिनमध्ये १२० ग्रॅम मासा धरला तर पारा झाला १५ मायक्रोग्रॅम. अर्धा ग्रॅम म्हणजे पाच लाख मायक्रोग्रॅम. भागून बघा, सुमारे ३३ हजार टिन होतात. शिवाय तुलनाच चुकीची आहे. थर्मामीटरमधला पारा धातुरूप असतो, माशातला मिथाइल पारा असतो. दोन्ही शरीरात वेगळ्या रीतीने वागतात, आणि माशातला जवळजवळ सगळा शोषला जातो. म्हणून विषय हसण्यावारी न्यायचा नाही, मासा निवडताना बघायचं. त्याच तक्त्यात अल्बाकोर म्हणजे ‘व्हाइट’ ट्यूना ०.३५० वर आहे आणि सार्डिन ०.०१३ वर. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठीही सार्डिन आणि लाइट ट्यूना एफडीएच्या ‘सर्वोत्तम’ यादीत आहेत. या यादीतले मासे आठवड्याला दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे ११३ ग्रॅम, असा तिथला सल्ला आहे. अल्बाकोर आठवड्यातून एकदाच, आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नाही.

मुळात पारा टिनमधून येत नाही, समुद्रातून येतो. मोठा मासा लहान माशांना खातो तसा तो साठत जातो. त्या तक्त्यात शार्कचा आकडा ०.९७९ आहे. आपल्याकडची मोरी हाही शार्कच, पण ती बहुधा लहान जातीची असते, तिला हा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही. पण ‘ताजा’ या शब्दाने पारा कमी होत नाही, एवढं मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

कोडाचं कलम सर्वांत दुष्ट आहे. आयुर्वेदात मासे आणि दूध हा विरुद्धाहार सांगितला आहे, हे खरं. कुणाला ते पथ्य पाळायचं असेल तर जरूर पाळावं. पण कोड हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे. शरीर स्वतःच्याच रंगपेशी नष्ट करतं. जन्मात मासा न खाल्लेल्यांनाही तो होतो. असल्या वाक्यांमुळे आधीच लोकांच्या नजरा झेलणाऱ्या माणसाला ‘काय खाल्लं होतंस?’ असं विचारलं जातं. माशाच्या पास्त्यावर चीज घालू नये असं इटलीतले पुष्कळ लोक मानतात, पण ते चवीसाठी. चीज माशाची चव झाकतं.

रसायनांचा दावा टिनवरचे घटक वाचले की संपतो. साध्या टिनमध्ये मासा, तेल किंवा पाणी आणि मीठ असतं. मासा टिकतो तो हवाबंद करून तापवल्यामुळे.

या दाव्यात अर्धसत्य एकच, आणि ते मान्य करावं लागेल. टिनच्या आतल्या लेपात बीपीए हे रसायन असू शकतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची सुरक्षित मर्यादा फार खाली आणली आणि पुढे युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदीही घातली. ही बंदी टप्प्याटप्प्याने लागू होते आहे आणि माशांच्या टिनला जास्त मुदत आहे. ‘बीपीए नाही’ असं लिहिलेला टिन मिळाला तर तो घ्या. पण त्याच लेपाचा टिन टोमॅटोचाही असतो. मेसेजमध्ये त्याबद्दल चकार शब्द नाही.

पास्ता म्हणजे मैदा? इटलीत सुका पास्ता ड्युरम या कठीण जातीच्या गव्हाच्या रव्याचाच असावा असा कायदा आहे. आपला बन्सी रवाही ड्युरमचाच. भारतात स्वस्त पाकिटांत मैदा असू शकतो, म्हणून घटक वाचून घ्या.

आणि स्वस्ताचं म्हणाल तर मालवणात किंवा रत्नागिरीत बाजारात बांगडा असताना आयात ट्यूना घेण्यात काहीच बचत नाही. हे जेवण परदेशात शिकणाऱ्यांसाठी, वसतिगृहासाठी आणि जिथे ताजा मासा येत नाही तिथल्यांसाठी आहे.

ते करायचं कसं, हेही सांगणं भाग आहे, कारण मेसेजमधली कृती पदार्थ हमखास बिघडवते. त्यात मासा तीन पाण्यांनी धुवून पंधरा मिनिटं परतायला सांगितलं आहे. टिनमधला मासा पूर्ण शिजलेला असतो. पुन्हा परतला की तो कोरडा, चिवट होतो आणि वास मारतो. मिठाच्या पाण्यातला मासा एकदा निथळून, हवं तर एकदा विसळून घ्या. तेलातला धुवायचाच नाही, तेलात चवही असते आणि माशाची थोडी चरबीही.

दोघांसाठी १८० ग्रॅम स्पॅगेटी, दोन लिटर पाणी, १५ ग्रॅम मीठ. मासा खारट असतो म्हणून मीठ याहून जास्त नको. पाण्यात तेल घालू नका, पास्ता तेलकट होतो आणि रस त्याला धरत नाही. चिकटू नये म्हणून पहिली दोन मिनिटं ढवळा. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता काढा आणि एक कप पिठाळ पाणी बाजूला ठेवा. तोवर १२० ग्रॅमच्या सार्डिनच्या टिनमधलं दोन चमचे तेल मंद आचेवर तापवून त्यात चार पाकळ्या लसूण कापून घाला. लसूण फिकट सोनेरी झाला की थांबा, तपकिरी झाला तर कडू लागतो. मग अर्धा चमचा मिरचीचा चुरा आणि २०० ग्रॅम टिनचा टोमॅटो घालून आठ मिनिटं आटवा. त्यात पास्ता आणि अर्धा कप पिठाळ पाणी घालून मोठ्या आचेवर दोन मिनिटं हलवा. रस पास्त्याला लपेटला की गॅस बंद करून सार्डिनचे तुकडे घाला आणि दोनदाच हलक्या हाताने वरखाली करा. वरून लिंबू आणि कोथिंबीर. शिळ्या ब्रेडच्या दोन स्लाइसचा चुरा थोड्या तेलात कुरकुरीत करून वर टाकला तर चीजची उणीव भासत नाही. सिसिलीत सार्डिनच्या पास्त्यावर असाच चुरा घालतात.

सार्डिनचे काटे काढू नका. दाबाखाली शिजल्याने ते बोटाने चुरतात, आणि काट्यांसकट १०० ग्रॅम सार्डिनमध्ये सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. ट्यूनात काटे नसतात आणि टिनमध्ये भरण्याआधी शिजवताना त्याची चरबीही बरीच निघून जाते, म्हणून एकच टिन परवडणार असेल तर सार्डिन घ्या.

अर्धाच टिन वापरला तर उरलेला मासा काचेच्या डब्यात काढून लगेच फ्रिजमध्ये ठेवा. उघड्या टिनमध्ये ठेवला तर त्याला पत्र्याची चव लागते. ओट्यावर दोन तासांहून जास्त राहिला तर टाकून द्या, फ्रिजमधला दोन-तीन दिवसांत संपवा.