स्वमग्न मूल आणि ‘काहीही करून नॉर्मल शाळेतच घाला’ हा सल्ला

मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले की थोड्याच दिवसांत पालकांपर्यंत एक सल्ला पोहोचतो. नातेवाईक तो देतात, व्हॉट्सॲपवर तो फिरतो, क्वचित डॉक्टरांच्या तोंडूनही तो ऐकू येतो. त्याचा आशय असा: मुलाला काहीही करून नॉर्मल शाळेतच घाला; चांगल्या मुलांचे बघून ते आपोआप बोलू-वागू लागेल; विशेष शाळेत गेले तर तिथल्या मुलांसारखे होईल आणि परतीचा रस्ता बंद होईल; शिवाय नव्या कायद्याने विशेष शाळा मोडीतच निघाल्या आहेत. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण विशेष शिक्षिका म्हणून दोन्ही प्रकारच्या शाळांत काम केल्यानंतर, यातले एकही विधान मला जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

कायद्याचा मुद्दा आधी घेते, कारण तो लवकर निकालात निघतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 31 नुसार, 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या 6 ते 18 वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष शाळेचा पर्याय कायम आहे. म्हणजे विशेष शाळा बंद झालेल्या नाहीत आणि निवड कुटुंबाची आहे. हीच गोष्ट उलट दिशेनेही तितकीच खरी आहे. ‘आमच्याकडे अशी मुले घेत नाहीत, तुम्ही विशेष शाळा बघा’ असे सांगून एखादी मुख्य प्रवाहातली शाळा प्रवेश नाकारत असेल, तर तीही कायद्याला धरून वागत नाही. कलम 16 नुसार भेदभाव न करता प्रवेश देणे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून देणे हे तिचे कर्तव्य आहे.

‘इतर मुलांचे बघून आपोआप शिकेल’ हे विधान सर्वांत जास्त पटण्यासारखे वाटते आणि सर्वांत जास्त नुकसानही तेच करते. बहुतेक मुले बघून शिकतात, कारण समोरच्याचे लक्ष कुठे आहे, तो काय करतो आहे आणि कशासाठी, हे त्यांना न सांगता टिपता येते. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना नेमके हेच टिपणे अवघड जाते. जे शिकण्यासाठी मदत हवी आहे, तेच शिकण्याचे साधन धरून चालणे हा या सल्ल्यातला मूळ दोष आहे. दुसरीच्या वर्गातला एक मुलगा मला आठवतो. बाईंनी ‘वह्या काढा’ म्हटले की तोही त्यांच्याच सुरात ‘वह्या काढा’ म्हणत असे आणि दप्तराला हातही न लावता बसून राहत असे. घरी आईला वाटे की शाळेत घातल्यापासून तो बोलायला लागला. वर्गात बाईंना वाटे की तो त्यांची नक्कल करून चिडवतो. प्रत्यक्षात त्याने शब्द उचलले होते, पण ती आपल्यालाही केलेली सूचना आहे, हे त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते. वहीचे चित्र असलेले कार्ड सूचनेच्या वेळी त्याच्या बाकावर ठेवायचे आणि शेजारच्या मुलीने आपली वही काढून त्याला दाखवायची, असे ठरवून केले, तेव्हा काही आठवड्यांनी त्याचा हात दप्तराकडे जाऊ लागला. शेजारच्या मुलीचा उपयोग झाला, पण तिने काय करायचे हे मोठ्यांनी आखून दिले होते म्हणून झाला. साठ मुलांच्या वर्गात, गोंगाटात, कुणी काहीही आखून न देता नुसते बसवले, तर अनेक मुले शेवटच्या बाकावर कान झाकून बसायला तेवढी शिकतात.

याच सल्ल्याला जोडून ‘इंग्रजी शाळा असेल तर घरी मराठी बंद करा, दोन भाषांनी तो गोंधळेल’ असेही सांगितले जाते. आजवरच्या संशोधनातून, दोन भाषा कानावर पडल्यामुळे स्वमग्न मुलांचा भाषाविकास मागे पडतो, असे दिसलेले नाही. आजीशी, आईशी ज्या भाषेत जिव्हाळा जोडला गेला आहे, तीच मुलाकडून काढून घेणे मला फार अन्यायाचे वाटते.

विशेष शाळेत ‘तिथल्या मुलांसारखे होईल’ ही भीती दोन भागांत पाहायला हवी. हात फडफडवणे, गोल फिरणे, कान झाकणे या गोष्टी बहुतेक वेळा मूल स्वतःला सावरण्यासाठी करते. त्या संसर्गाने लागत नाहीत, आणि आवाज, गर्दी व अनिश्चितता कमी झाली की पुष्कळदा कमी होतात. पण भीतीचा दुसरा भाग खरा आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. ती 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली आणि पुढे 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या विशेष शाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी उभ्या राहिलेल्या आहेत, आणि उत्तम वाचणारे, गणितात पुढे असलेले स्वमग्न मूल तिथे वर्षानुवर्षे मणी ओवत बसलेले मी पाहिले आहे. अशा शाळेतून मुलाला बाहेर काढणेच योग्य. मात्र त्या शाळेचा दोष त्या मुलाकडून ठेवलेली तोकडी अपेक्षा हा आहे, आजूबाजूची मुले हा नव्हे.

‘शॅडो टीचर ठेवली की झाले’, म्हणजे वर्गात त्या एका मुलासोबत बसणारी मदतनीस ठेवली की झाले, याबद्दल थोडेच लिहिते. तिचा पगार बहुतेक वेळा पालकांच्या माथी मारला जातो, आणि वर्गशिक्षिका मुलाशी थेट बोलणेच सोडून देते. प्रशिक्षित विशेष शिक्षक नेमणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या स्तरांवर 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. आपल्या शाळेच्या वाट्याला येणारा विशेष शिक्षक आठवड्यातून किती वेळ मुलासोबत असतो, हे पालकांनी प्रवेशाआधी लेखी विचारावे. ‘तालुक्याचे सर अधूनमधून येऊन जातात’ एवढ्यावर समाधान मानू नये.

राहिला परतीच्या रस्त्याचा प्रश्न. महाराष्ट्रात सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे असल्यामुळे कागदपत्रांची धावपळ होते, हे खरे. तरी रस्ता बंद नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 नुसार 6 वर्षांवरील शाळाबाह्य किंवा मागे राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणही मिळते. माझ्या पाहण्यातल्या काही मुलांनी सुरुवातीची वर्षे लहान गटाच्या विशेष वर्गात काढून, आपली गरज चित्राने किंवा शब्दाने सांगण्याइतपत शिकून, मग जवळच्या शाळेत पाऊल ठेवले. काही मुलांना पाचवीनंतर वर्ग आणि अभ्यास झेपेनासा झाला तेव्हा ती विशेष शाळेत आली आणि तिथे पुन्हा शांत झोपू-जेवू लागली. दहावीचीही एकच वाट नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत विषय निवडून, सवडीने परीक्षा देता येते, आणि नियमित मंडळांच्या परीक्षांतही दिव्यांगत्वाच्या दाखल्यानुसार लेखनिक व जादा वेळ यांसारख्या सवलती आहेत. त्यासाठी दाखल्याची आणि शाळेमार्फत करायच्या अर्जाची तयारी नववीतच सुरू करावी.