भाकरी थापणाऱ्या बायका स्वातंत्र्यसैनिक नव्हत्या म्हणे

आज डोकं जाम फिरलंय. पुतणी आठवीला आहे, शाळेत प्रोजेक्ट होता ‘आपल्या भागातील स्वातंत्र्यसैनिक’. तिनं क्रांतिसिंह नाना पाटलांवर दोन पानं लिहिली, जी. डी. बापू लाडांवर लिहिलं, नागनाथअण्णांवर लिहिलं आणि शेवटच्या पानावर माझ्या आज्जीवर, म्हणजे तिच्या पणजीवर, आठ-दहा ओळी. वही परत आली तर त्या शेवटच्या पानावर लाल पेनानं काट, खाली शेरा ‘घरातील कामे नकोत, फक्त स्वातंत्र्यसैनिक’. पोरगी काही बोलली नाही, वही माझ्यापुढं धरून नुसती उभी राहिली.

घरातील कामे!

आज्जी तेव्हा, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीच्या वेळी, नुकती लग्न होऊन आलेली, पंधरा-सोळाची असंल. ओढ्याच्या वरच्या अंगाला आमचा शाळूचा तुकडा, पीक डोक्याच्या वर गेलं की त्यात भूमिगत पोरं येऊन राहायची. आज्जी आणि तिची सासू रात्री भाकरी थापायला बसायच्या, धूर दिसू नये म्हणून दिवस उगवायच्या आत चूल विझवायची. भाकरी बुट्टीत, वर खर्डा, त्याच्यावर फडकं आणि सगळ्यात वर शेणी. घरात माणसं पाच आणि भाकरी वीस-पंचवीस. कोण कुठं बसलंय ते तिला माहीत, नावं मात्र माहीत नाहीत, कारण नावं विचारायची नाहीत असं सासूनं पहिल्याच दिवशी बजावलेलं.

आमच्या भागातल्या लोकांना प्रतिसरकार काय होतं ते मी सांगायला नको, पण शाळेत ते चार ओळीत उरकतात म्हणून लिहितोय. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली लोकांनी इंग्रजांना न जुमानता स्वतःचं सरकार चालवलं, ते प्रतिसरकार. 1942 च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे हातात तिरंगा असताना पडले, एका दिवसात नऊ माणसं गेली. मग लोकांनी ओळखलं की नुसत्या छातीवर गोळ्या झेलून भागायचं नाही, आणि चळवळ रानात शिरली. कुंडलला तुफान सेना, म्हणजे प्रतिसरकारचं लढाऊ दल, उभी राहिली. 7 जून 1943 ला शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली, त्याच जुलैत वसंतदादांनी सांगलीचा जेल फोडला, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पार धुळ्याकडं चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला. गावोगावी न्यायमंडळं बसली, सावकारांना आणि दरोडेखोरांना वचक बसला, कर्ज न काढता गांधी पद्धतीनं लग्नं लागायला लागली. काही ठिकाणी अतिरेक झाला, जुनी भांडणं त्या नावाखाली काढली गेली, हे पण खरंय. पण नाना पाटील 46 पर्यंत इंग्रजांना सापडले नाहीत ते नाहीतच.

आता मला सांगा, ही सगळी माणसं चार वर्षं जेवली कुठं? रानात हॉटेलं होती का? महायुद्ध चालू, धान्य मिळेना, रॉकेल मिळेना, आणि रोज रात्री कुणाच्या तरी चुलीवर जास्तीच्या भाकरी पडतायत म्हणून ही चळवळ जगली ना?

आणि पकडलं तर काय, हे त्या बायकांना माहीत नव्हतं असं समजू नका. एकदा पहाटे पोलीस आले, सोबत गावचा पाटील. भाकरी अजून बुट्टीत भरायच्या होत्या, परातीत रास पडलेली. फौजदारानं विचारलं, एवढ्या कुणाला? सासूची बोबडी वळली. आज्जी चुलीपुढनं उठली पण नाही, म्हणाली, “उद्या पैरा हाय, खुरपायला बायका येणार हायत, त्यास्नी काय दगडं घालू?” त्यानं बुट्टी लाथेनं उडवली, भाकरी अंगणात मातीत टाकल्या, आणि पाटलाला दम भरून गेला. त्या दिवशी रानात काही पोचलं नाही. दुसऱ्या रात्री दोघी परत थापायला बसल्या.

हे घरातलं काम आहे?

पेन्शनचं तर बोलूच नका. 1972 ला केंद्राची सन्मान पेन्शन सुरू झाली, ताम्रपट वाटले. अट काय, तर सहा महिने जेल किंवा भूमिगत असल्याचा कागद, वॉरंट दाखवा, बक्षीस लावलेलं दाखवा. जी बाई कधी पकडलीच गेली नाही तिनं कुठला कागद आणायचा? ती हुशारीनं वागली म्हणून सुटली आणि सुटली म्हणून यादीत नाही. बरं, पुरावा नको म्हटलं तर बोगस स्वातंत्र्यसैनिक निघतात, ते आपण सगळ्यांनी बघितलंय, कबूल. आज्जीला पेन्शन नकोच होती. तिनं कधी अर्ज केला नाही, कुणी विचारलं तर “आमी काय केलं, भाकरी केल्या” एवढंच म्हणायची. तिचं ऐकून आम्हीपण तसंच धरून चाललो, याचा आता त्रास होतो.

हौसाताई पाटील 2021 मध्ये गेल्या, नाना पाटलांची लेक. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यापुढं नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग करून या बाईनं साथीदाराचा मार खाल्ला, पोलीस तिकडं गुंतले आणि बाकीच्यांनी बंदुका नेल्या. शेवटी शेवटी का होईना, त्यांचं नाव बाहेरच्या जगाला कळलं. पण त्यांच्यासारख्यांना ज्यांनी ज्यांनी रात्री दार उघडलं त्यांचं कोण लिहिणार?

त्या शिक्षकांवर मला वैयक्तिक राग काढायचा नाही, नव्वद वह्या तपासायच्या असतात त्यांना. पण सोमवारी मी शाळेत जाणार आहे आणि ते पान तसंच ठेवायला सांगणार आहे, मार्क नाही दिले तरी चालतील.

आणि वाळवा, पलूस, कडेगाव, खटावकडच्या मित्रांनो, तेव्हा आठ-दहा वर्षांच्या असलेल्या, आईबरोबर रानात बुट्टी घेऊन गेलेल्या म्हाताऱ्या आता नव्वदीत आहेत, काही अजून धडधाकट आहेत. गावी जाल तेव्हा मोबाईल काढा आणि रेकॉर्ड करा. त्यांना ‘स्वातंत्र्यलढ्यातलं योगदान’ असलं काही विचारू नका, “काही नाही” म्हणतील. रात्री कोण जेवायला यायचं, भाकरी कुठं लपवायचा, पोलीस आले तेव्हा काय सांगितलं, एवढं विचारा. मग दोन तास उठायचं नाव घेणार नाहीत. ज्यांच्याकडं असलं रेकॉर्डिंग आधीच असेल त्यांनी मला मेसेज करा, पुतणीला पुढची पानं लिहायचीत.