कंपनी सरकारचा सिनॅरिओ बनवताय? मग हे ऐका

तर तुम्ही टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीनं खेळायच्या कॉम्प्युटर गेमसाठी कंपनी सरकारच्या काळातला सिनॅरिओ (नकाशा आणि त्यावरचे प्रसंग) बनवायला घेतलाय. उत्तम. घरी विचारलं तर 'प्रोजेक्ट चालू आहे' एवढंच सांगा. मी फ्रीसिव्ह नावाच्या गेमवर एक बनवलाय, 1818 ते 1858, आमच्याच बेळगाव भागाचा, तीन पावसाळे गेले त्यात आणि आजवर तो चार जणांनी खेळलाय, त्यातला एक माझा भाचा, म्हणजे सल्ला द्यायचा अधिकार मला पुरेपूर आहे.

पहिलं काम, नकाशा रिकामा ठेवा. गावं-बिवं दाखवायच्या भानगडीत पडू नका, साहेबाला पाऊल टाकायला जागा पाहिजे ना. खानापूरच्या जंगलात चार झोपड्या टाका, त्यात युनिट (खेळाडूची सोंगटी) शिरलं की सोनं मिळतं आणि झोपडी गायब होते. झोपडीतली माणसं कुठं गेली हे गेम सांगत नाही, आणि इतकी वर्षं खेळून मीपण कधी विचारलं नाही. उरलेल्यांना बार्बेरियन करून टाका, काम संपलं. 1994 सालचा कॉलनायझेशन हा गेम बघा की, खेळायला इंग्रज, फ्रेंच, स्पॅनिश आणि डच, बास, तिथली मूळची माणसं नकाशावर आहेत पण त्यांच्या बाजूनं तुम्हाला बसता येत नाही, ती तुमच्या माणसाला तंबाखू नाहीतर कापूस पिकवायला शिकवणार आणि तुम्ही त्या तंबाखूचे सिगार करून विकणार. (निपाणीच्या एकाला हे दाखवलं तर तो म्हणाला, विडी कुठाय? बरोबरच आहे त्याचं.)

आता शहरांची नावं. इथं मात्र जपून. तोफा, तह, फितुरी सगळं सोपं आहे, पण नकाशावर आमच्या गावाच्या ठिपक्याखाली काय लिहायचं ह्याच्यात माझे चार महिने गेले. 'बेळगाव' लिहिलं तर कन्नड मित्र टेस्टिंगला येईना, 'बेळगावी' लिहिलं तर आमचे काका ताटावरून उठले, मधला मार्ग म्हणून साहेबाचं 'बेलगाम' टाकलं तर दोघं एक झाले आणि मलाच धुतलं. अधिकृत नाव बदललं 1 नोव्हेंबर 2014 ला, माझा सिनॅरिओ सुरू होतो 1818 ला, पण हे बोलून दाखवायची हिंमत पाहिजे. शेवटी मी ठिपक्याखाली 'किल्ला' एवढंच लिहिलं. तुम्हीही तेच करा. सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात 2004 पासून पडलाय, त्याच्यापेक्षा लांब टर्न कुठल्याच गेममध्ये बघितली नाही मी.

आणि खरा इतिहास टाइलवर (नकाशाच्या चौकोनावर) मावत नाही, हे आधीच मान्य करा. आमच्या किल्ल्यावर आणि कॅम्पात इंग्रज, आणि तिथून चालत जाता येईल एवढ्यावर शहापूर, ते सांगली संस्थानचं, पार संस्थानं विलीन होईपर्यंत. म्हणजे खडेबाजारातून साडी बघत बघत पुढं गेलात की दुसऱ्या राज्यात. गेम म्हणतो दोन शहरं शेजारशेजारच्या टाइलवर बसत नाहीत. मग काय करायचं, सांगलीकरांचं शहापूर उचलून नकाशात पार पूर्वेला नेऊन ठेवायचं, कोण बघायला येतंय.

तोफा मात्र सढळ हातानं द्या. लोकांना तोफा आवडतात. माझं चुकलं ते इथंच, मी वाचत बसलो. कंपनीच्या टॉमस मन्रोनं 1818 च्या एप्रिलमध्ये आमचा किल्ला घेतला, वेढा सगळा मिळून तीन आठवड्यांचा, हे ठीक आहे, हे गेममध्ये झकास बसतं. पण त्याच्या आधी ह्या माणसानं काय केलं, तर त्याच्याजवळ फौज थोडी होती म्हणून त्यानं पेशव्यांच्या मुलखावर आपले अमलदार नेमले, त्यांच्या हाताखाली इथलेच शिपाई दिले आणि सांगितलं, जा, ठाणी ताब्यात घ्या आणि सारा वसूल करा. आणि ते गेले की! पेशवा अजून पळतोय, हरलेला पण नाही, आणि इकडं त्याचा वसूल दुसऱ्याच्या वहीत जमा व्हायला लागला. तर मी आपला भाबडेपणानं 'अमलदार' नावाचा युनिट केला, अॅटॅक शून्य, डिफेन्स एक, हातात दौत आणि वही. गावात शिरला की पुढच्या टर्नला गाव तुमचं. टेस्टर भडकले. हे चीटिंग आहे म्हणाले, लढाई न करता कसं काय जाईल गाव? मी म्हटलं असंच गेलं होतं. तर म्हणे मग मजा काय त्यात? बरोबर आहे. अमलदार काढला, सहा तोफा घातल्या, आता लोक खूश आहेत.

कित्तूर तर सिनॅरिओत पाहिजेच, त्याशिवाय ह्या भागात कोण खेळणार. पण ते नीट समजून घेऊन मग चुकीचं दाखवा. घडलं ते असं की सप्टेंबर 1824 मध्ये कित्तूरचे राजे, देसाई शिवलिंगरुद्र वारले, पोटी मूल नाही, दत्तक घेतलेला. धारवाडचा कलेक्टर थॅकरे म्हणाला हे दत्तक आम्हाला मान्य नाही, कागद संशयास्पद आहे. म्हणजे राज्य जिंकायला साहेबाला लागलं काय, तर एका मेलेल्या माणसाच्या सहीवर शंका. मग खजिन्याला सील, दारावर पहारा. डलहौसी तेव्हा शाळकरी पोर होता, त्याच्या नावावर जे दत्तक नामंजुरीचं धोरण आपण परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं त्याची ट्रायल इथं कित्तूरलाच होऊन गेली होती. 23 ऑक्टोबरला राणी चेन्नम्माच्या माणसांनी दरवाजा उघडून हल्ला केला, थॅकरे मेला, स्टीव्हन्सन आणि एलियट असे दोन साहेब ओलीस सापडले. डिसेंबरात मोठी फौज आली आणि किल्ला पडला, राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं, 1829 मध्ये ती तिथंच गेली.

आता हे गेममध्ये आणायचं कसं? सोप्पं आहे. ऑक्टोबर खेळाडूच्या हातात द्या आणि डिसेंबर इव्हेंट फाइलमध्ये लिहून टाका. खेळाडूला वाटतं आपण जिंकलो, टाळ्या, आणि तीन टर्ननंतर नकाशाच्या कडेनं पंचवीस युनिट आपोआप उगवतात. ह्याला डिझायनर लोक 'हिस्टॉरिकल अॅक्युरसी' म्हणतात. आमचा तो कन्नड मित्र (नावाच्या भांडणानंतर कुंदा देऊन परत आणला होता) कित्तूरच्या बाजूनं बसला, ओलिसांना सोडायचं बटण कुठाय विचारलं, मी म्हटलं बटण ठेवलं नाही, तर म्हणाला मग वाटाघाटी? मी म्हटलं तो ऑप्शन फक्त कंपनीला आहे. तो म्हणाला, ''मग मी काय करूलालोय इथं?'' त्याला कन्नड-मराठी दोन्ही येतं, पण चिडला की बेळगावीच बोलतो.

बाकी मधली वर्षं झटपट उरका. इनाम कमिशन वगैरे तर अजिबात नको, आमच्याच भागात 1843 ला सुरू झालं, पिढ्यान्पिढ्यांच्या इनामदारांना म्हणायचं सनद दाखव, दाखवता आली नाही तर जमीन गेली, ह्याला ना अॅनिमेशन करता येतं ना आवाज. मी कागद फाटल्याचा आवाज टाकून बघितला, लोकांना वाटलं स्पीकर खराब आहे. शेवटाला 1858 चं नरगुंद संस्थानाचं बंड घ्या, तिथं परत तेच, भास्करराव भाव्यांना दत्तक नाकारलं, परत एक साहेब मारला गेला, पोलिटिकल एजंट मॅन्सन, आणि भास्कररावांना फाशी आमच्या बेळगावात. 34 वर्षांत कंपनीनं बग फिक्स केला नाही आणि फिक्स कशाला करतील, दर वेळी मुलूख त्यांनाच मिळत होता की.

एकच अडचण राहिली होती, ती भाच्यानं काढली. तो संगोळ्ळी रायण्णा (कित्तूर पडल्यावरही कंपनीशी लढलेला चेन्नम्माचा माणूस) घेऊन खेळत होता. मी रायण्णाला साधा गनिमी युनिट दिला होता, जंगलात बोनस, उघड्यावर कमजोर, आणि धरला जाणार हे ठरलेलंच, कारण खरा रायण्णा धरला गेला आणि 1831 च्या 26 जानेवारीला नंदगडला फासावर गेला. मला वाटलं पोरगं किल्ल्यावर धडक मारेल आणि दहा मिनिटांत आउट होईल. ते किल्ल्याकडं फिरकलंच नाही. ते कचेऱ्या जाळत सुटलं. खऱ्या रायण्णानं पण हेच केलं होतं, जमिनी गेल्या होत्या त्या दफ्तरातनंच ना, पण हे भाच्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याला नुसतं दिसलं की कचेरीवर पहारा कमी आहे. एक जाळली, दुसरी जाळली, तिसरी जाळली आणि कंपनीची टर्न आली तेव्हा गेम बंद पडला. पांढरी स्क्रीन. रात्री लुआ स्क्रिप्ट (सिनॅरिओचा कोड) उघडून बघितलं तर साहेबाचं उत्पन्न काढताना मी एकूण वसुलाला कचेऱ्यांच्या संख्येनं भागलं होतं, कचेऱ्या झाल्या शून्य, शून्यानं भागाकार, कंपनी सरकार जागेवर गार.

तुमच्या सिनॅरिओत असं होऊ देऊ नका. एका ओळीचं काम आहे, कचेरीला आग लागत नाही असा रूल टाकायचा. मी टाकलाय. भाचा आता दुसरा गेम खेळतो.