फार वाढू नकोस, बाळा

अंड्यातून बाहेर पडलास, दहा-बारा दिवस उघड्या समुद्रात भटकून झालं. आता कुठेतरी टेकायला हवं. तू पडलास पर्क्युला जातीचा क्लाउनफिश, म्हणजे बिऱ्हाड समुद्रफुलातच, फुलासारख्या दिसणाऱ्या पण डंख मारणाऱ्या प्राण्याच्या शुंडांत. पापुआ न्यू गिनीतल्या मादांगच्या लगूनमध्ये, म्हणजे आडोशाच्या उथळ समुद्रात, समुद्रफुलं मोजकी आणि उमेदवार उदंड, तेव्हा स्थळ नीट पाहून घे.

समुद्रफुलाचा घेर केवढा आणि आत मंडळी किती, हे आधी बघ. सर्वांत मोठी दिसते ती मालकीणबाई. तिच्याहून थोडे लहान ते यजमान. त्यांच्याखाली फार तर चार बिनलग्नाचे, उतरत्या भाजणीने. एकत्र कुटुंबासारखं दिसतं खरं, पण रक्ताचं नातं कुणाचंच कुणाशी नाही. सगळे तुझ्यासारखेच प्रवाहाबरोबर वाहत आलेले.

आत शिरलास की एकच पथ्य: वाढायचं नाही. पीटर बस्टन या संशोधकाने 2003 साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात हेच दाखवलं. वरचा मासा खालच्याच्या साधारण सव्वापट असतो, आणि खालचा ते अंतर बिघडू न देता आपली वाढ आवरून धरतो. भूक लागली तरी दोन घास कमी खा. लांबी जराशी जास्त झाली की वरच्याला तुझ्या डोळ्यांत महत्त्वाकांक्षा दिसते, आणि मग ढुशा मारून तुला बाहेर काढतात. बाहेर समुद्रफुलाच्या डंखांचं संरक्षण नाही. आहेत ते फक्त भुकेले शेजारी.

घरकामाची काळजी नको. अंडी यजमान सांभाळतात. तू असलास काय आणि नसलास काय, त्यांच्या संसाराला काही फरक पडत नाही. इतकं निरुपयोगी राहूनही घरात जागा टिकवणं, याला कर्तबगारी लागते.

बढती आहे हं! मालकीणबाई गेल्या की यजमानच मालकीणबाई होतात, अगदी शरीरानेही, आणि रांगेतला पहिला बिनलग्नाचा नवरदेव. फक्त मादी 30 वर्षंही जगू शकते असा अंदाज आहे. तोवर धीर धर.

हे जमणार नसेल तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या हंबग डॅमसेल माशाचा कित्ता गिरव. तो आपल्या जातवाल्यांचा वास घेत गर्दीचं प्रवाळ शोधतो. गर्दीत शिकाऱ्याची भीती कमी. जेवायला मात्र थोरले प्रवाहाच्या तोंडाशी बसतात, वाहून येणारे टपोरे घास टिपतात, आणि धाकट्यांपर्यंत पोचतं ते उरलंसुरलं. वाढ खुंटते. म्हणजे तिथेही तेच, फक्त गोंगाट जास्त.

तू आपला समुद्रफुलातच राहा, रांगेत शेवटी, कडेच्या दोन शुंडांच्या मध्ये. आणि एखाद्या रात्री नखाएवढं एक पोर वाहत येऊन तुझ्या मागे उभं राहू लागलं, की बिनदिक्कत ढुशी मार. जागा नाही म्हणावं.